एक माप मोठी बांगडी

सगळ्यात आधी चाची. काय झालं ते मागाहून सांगते.

चाची भद्रावतीत बांगड्या भरते. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे भिंतीतली एक खोबण. वर खिळ्यांना बांगड्यांचे जुडगे टांगलेले, खाली चटई, आणि चटईवर ती, पाय पसरून, कारण तिचे गुडघे दुमडत नाहीत. ती माझी कोणी लागत नाही. मी अहेरीकडची, प्राणहितेच्या काठच्या एका गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी. ती भद्रावतीच्या मुसलमान घरातली, बांगड्यांची पेटी तिच्याकडे सासूकडून आलेली. आत्ता मी हे लिहितेय तेव्हा माझा मुलगा माझ्या पाठीमागे प्लास्टिकचा ट्रक भिंतीवर आदळतोय आणि खालून घरमालकीण तेलुगूत ओरडतेय. ट्रक आदळायला तो आहे, तो चाचीमुळे. डॉक्टरबाईंनी केलं, रक्त देणाऱ्यांनी केलं, मी कोणाचंच नाकारत नाही. पण त्यांच्यापर्यंत मला चाचीनं नेलं. हाताला धरून नाही, ओढत.

आता काय झालं ते.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. पुढची शाळा लांब होती, आणि आमच्या भागात पोरीला संध्याकाळच्या बसनं एकटी येऊ देत नसत. जंगलात बंदुका होत्या, दोन्हीकडच्या. अंधार पडला की रस्ता रिकामा. म्हणून शाळा सुटली. लग्न झालं तेव्हा नवरा घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर होता, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. आम्ही आष्टी, गोंडपिपरी, चंद्रपूर करत भद्रावतीला आलो आणि गावाबाहेर एका लाईनीत खोली घेतली. लाईन म्हणजे एका भिंतीला चिकटून सगळ्या खोल्या, पुढे एकच लांब ओटा. त्या लाईनीतल्या बहुतेक बाया शेडमध्ये कामाला जात. मीही जाऊ लागले.

शेड कोणाची ते लिहीत नाही. भद्रावतीत मोठी सरकारी फॅक्टरी आहे, कॉलनी आहे, आमचं ते नव्हे. आमची शेड खाजगी, शेताडीत, तारेच्या कुंपणातली. तिथं पिवळी पावडर यायची. ती लाकडी पळीनं तोलून पिशव्यांत भरायची, पिशव्या खोक्यांत. पुढे तिचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून आम्ही तिला बेसन म्हणायचो. बाजारात आम्हाला पोट्टे "ए बेसनवाल्या, भजे तळा ना!" असं ओरडायचे, कारण आमचे तळवे पिवळे असायचे, आणि काही जणींचे कपाळावरचे केसही भुरे-नारिंगी झाले होते. साबणानं जात नव्हतं.

गेटवर अंगावरचं सगळं काढावं लागे. ठिणगी पडू नये म्हणून. मंगळसूत्र, जोडवी, केसातली पिन, आणि काचेच्या बांगड्या. पहिल्या दिवशी माझ्या बांगड्या निघेनात. आईनं माहेरी भरून दिलेल्या, घट्ट. आमच्याकडे बांगडी घट्टच भरतात, सैल बांगडी हातावर बरी दिसत नाही म्हणतात. गेटवरच्या बाईनं माझा हात ओढून पाहिला आणि म्हणाली, "वाढव त्या. मागं लाईन लागली हाय."

मी दगडावर हात ठेवून बांगड्या वाढवल्या. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. माझे दोन्ही हात उघडे झाले आणि मला रडू आलं. तेव्हा मागे उभी असलेली एक बाई बोलली, "रडू नोको वं. आमी दिवसभर विधवा, संध्याकाळी सवाशीन. असं नशीब कोनाले भेट्टे?" ती मूल गावाकडची होती, धानाच्या भागातली, वयानं मोठी. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. तिनंच मला संध्याकाळी चाचीकडे नेलं.

चाचीनं माझा हात दाबून पाहिला, अंगठा आत मुडपून, चारी बोटं जवळ करून. बांगडी भरणाऱ्या बाया पाहतात तसा. मग म्हणाली, "तुले दोन-चार बसते. पन मी दोन-सहाची देतो. शेडवाली ना?"

"तुम्हाले कसं समजलं?"

"समद्या शेडवाल्या माह्याकडून एक माप मोठं नेते. सकाळी हात झटकला का बांगड्या बाहेर, संध्याकाळी झटकला का आत. रोज कोन वाढवन?" मग तिनं विचारलं, "गाव कोनतं बेटा?" मी सांगितलं. "प्राणहिता! मंग झिंगे खात असशीन."

एवढंच. त्या दिवशी ओळख झाली ती अशी. नंतर ती मला भेटली की झिंग्यांचं विचारायची. आमच्याकडचे झिंगे आणि अंबाडीची भाजी तिनं लहानपणी कुठल्याशा लग्नात खाल्ली होती म्हणे, ती चव तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

दिवाळीनंतरची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीआधी सुपरवायझर आला आणि म्हणाला, "बायांनो, काम वाढलं."

मावशीनं पळी खाली ठेवली. डोक्याचं फडकं सोडलं. डबा उचलला.

"कुठी निघाली मावशे?"

"आता वाढलं म्हन्ता ना. घरी जावावं."

तिला वाटलं बंद पडलं. दुकान बंद करताना आपण दुकान वाढवलं म्हणतो, त्यातलं. आम्ही सगळ्या हसलो. सुपरवायझर चंद्रपूरचाच होता, त्यालाही हसू आलं. "अवं खरोखरचं वाढलं. तिकडं लढाई लागली हाय ना, त्याहिले माल पायजे."

"कोनाची लढाई?"

"हाय दोघा देशायची. तुले काय करायचं?"

"मले काय करायचं म्हन्ता, अन् भराले मलेच लावता," मावशी म्हणाली आणि परत फडकं बांधलं.

ती लढाई कुठं होती ते मला तेव्हा धड ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या मोबाईलवर पाहिली. पडलेल्या इमारती, बर्फ, बाया पोरांना घेऊन चालतायत. आमच्या शेडमध्ये उकाडा. नवरा म्हणाला, "तुमचंच बेसन असन का हे?" मी त्याला मोबाईल बंद करायला लावला.

काम खरोखरचं वाढलं. दोन पाळ्या झाल्या. रविवार गेला. आधी पाळी सुटली की मोरीत आंघोळ करायची, शेडचे कपडे तिथंच टाकायचे, अंगावरचे घालून यायचं, असा नेम होता. सुटताना धुळीवर उतारा म्हणून गूळ मिळायचा. आता दुसऱ्या पाळीच्या बाया बाहेर उभ्या असायच्या, मोरी एकच. सुपरवायझर म्हणायचा, "हातपाय धुवा न निघा, घरी करा आंघोळी." घरी नळाला पाणी दिवसाआड. मग आम्ही त्याच कपड्यांत यायचो, त्याच कपड्यांत भाकरी थापायचो. गूळ पण बंद झाला. गेटवरची झडती मात्र कधी ढिली झाली नाही. बांगडी, पिन, एकही सुटली नाही. ठिणगीची काळजी पूर्ण होती. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, आता लिहिताना सुचतंय.

आम्ही नाराज होतो असंही नाही. जास्तीचं काम म्हणजे जास्तीची मजुरी. पण त्याच लढाईनं खायचं तेल महागलं, लाईनीच्या मालकानं भाडं वाढवलं कारण कामाला बाया बाहेरगावाहून येऊ लागल्या होत्या, आणि नवऱ्याच्या ट्रकचा मालक डिझेलच्या नावानं ट्रिपा कमी करू लागला. भाजी बिनतेलाची होऊ लागली. तरी ओट्यावर बसून आम्ही म्हणायचो, चालू दे अजून वर्षभर लढाई. कोणाला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. ती माणसं मोबाईलमध्ये होती, आणि भाडं दारात होतं.

तोंड कडू पडू लागलं होतं. सगळ्यांचंच. मावशी म्हणायची, "मले चहाबी कडूनिंबाचा लागते." जेवण जात नव्हतं, म्हणजे तेल नसल्याचं दुःखही कमी. काहींना चक्कर यायची, काहींचे ओठ निळसर दिसायचे. आणि दुसरी एक गोष्ट होती, ती ओट्यावर हळू आवाजात बोलली जायची. लाईनीत दिवस राहायचे आणि जायचे. शेजारच्या खोलीतलीचं तिसऱ्या महिन्यात गेलं. कोपऱ्यातलीचं दोनदा. एकीला दोन वर्षं काही राहतच नव्हतं, तिची सासू वरोऱ्याहून येऊन तिला बोलून जायची. प्रत्येकीला आपापलं कारण ठाऊक होतं. हिनं जड उचललं, तिनं पपई खाल्ली, तिला नजर लागली. सगळ्यांचं कारण एकच असेल असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण कारणं घरात शोधायची असतात असंच आम्हाला शिकवलेलं.

त्या उन्हाळ्यात मला दिवस राहिले. पहिलंच. मी आईला फोनवर सांगितलं, चाचीला सांगितलं. चाचीनं पेटीतून हिरव्या बांगड्यांचा एक जुडगा काढून वेगळा ठेवला. "ओटीभरनाच्या दिवशी भरू. यंदा कोनीच नाई नेल्या बाई हिरव्या. मागच्या वर्षीचा माल तसाच पडून हाय." ती दुकानदार म्हणून बोलली.

मग माझे डोळे पिवळे झाले. तळवे आधीपासून पिवळे होते, त्याचं काही नव्हतं. पण डोळे पिवळे आणि लघवी चहासारखी, म्हणजे कावीळ. कावीळ झाली की उतरवून घ्यायची, हे आमच्या गावीही असंच. मावशीनं पत्ता दिला. वरोऱ्याच्या वाटेवर एका खेड्यात एक म्हातारा कावीळ उतरवायचा. परातीत चुन्याचं पाणी घ्यायचा, मंत्र म्हणायचा आणि रोग्याचे हात खांद्यापासून खाली निपटत त्या पाण्यात धुवायचा. पाणी पिवळं होतं. जेवढं पिवळं तेवढी कावीळ उतरली. मग बिनतेलाचं, बिनहळदीचं खायचं.

नवरा ट्रिपवर होता. मी एकटी बसनं गेले. म्हातारा चांगला होता, मी पोटुशी आहे म्हटल्यावर त्यानं आधी पाणी प्यायला दिलं. मग परात घेतली. माझे हात त्यानं पाण्यात धरले आणि चोळले.

पाणी पिवळं झालं नाही. तांबूस झालं. डाळिंबाचे दाणे कुस्करावेत तसं, फिकं, आणि माझ्या तळव्यांच्या रेषांमधून तो रंग सुटत होता.

म्हाताऱ्यानं पाणी ओतून दिलं, नवीन चुना कालवला, परत केलं. परत तांबूस.

"बाई," तो म्हणाला, "हे माह्या हातचं नाई. इतके वर्सं झाले, असं रगत कधी नाई उतरलं. हे पोटातल्याचं हाय. तुह्यं लेकरू रगत सोडून राह्यलं." त्यानं माझ्याकडून नारळही घेतला नाही. मी घाबरले, पण माझ्यापेक्षा तो जास्त घाबरला होता असं आता वाटतं.

बसमध्ये मी हात पदरात गुंडाळून बसले होते. माझं लेकरू माझ्या तळहातातून वाहून चाललंय, असं मला अगदी खरं वाटत होतं. हात उघडला तर आणखी जाईल. भद्रावतीला उतरले आणि पाय खोलीकडे वळेचनात. खोलीत कोणी नव्हतं. मी चाचीकडे गेले.

लग्नसराईचे दिवस. चाचीपुढे बायांची गर्दी होती, एका नवरीचा चुडा भरणं चालू होतं. मला पाहून ती म्हणाली, "बस बेटा." मग माझं तोंड पाहिलं, आणि म्हणाली, "हात दाखव."

मी दाखवेना. तिनंच पदर सोडवला. माझा हात वर उचलला तशी दोन-सहाची बांगडी मनगटावरून सरकली ती थेट कोपरापर्यंत गेली. चाचीनं ती खाली आणली. परत हात उचलला. परत कोपरापर्यंत.

"पोटुशी बाईचे हात सुजते," ती म्हणाली, "मी तुह्यासाठी आनखी मोठं माप काढून ठेवलं होतं. अन् हे काय हाय? ओठ पाह्य तुह्ये. जांभळं खाल्ली का?"

मी रडत रडत परातीचं सांगितलं. रगताचं सांगितलं. नवरीच्या आईनं नवरीला माझ्यापासून थोडं पलीकडे सरकवलं.

चाचीनं ओल्या फडक्यानं माझा तळवा पुसला. फडकं पिवळं झालं. तिनं ते नाकाशी नेलं. "हे रगत आहे का? हे तर बेसन हाय तुह्यं. हाताले जे लागलं तेच पान्यात उतरलं, चुन्यात हळद लाल होते ना, तसं. लेकरू हातातून नाई निघत, पगली." मग म्हणाली, "पन हाताले हाय ते आतबी गेलं असन. मले काय मालूम? चल, ज्याले मालूम हाय त्याले दाखवू."

"चाची, माझा एकच हात झाला हाय," नवरी म्हणाली.

"दुसरा उद्या. दुकान वाढवलं."

लग्नसराईत, भर दुपारी, नवरीचा दुसरा हात तसाच सोडून तिनं दुकान वाढवलं. माझा दंड धरला आणि ते दुमडत नसलेले गुडघे घेऊन चंद्रपूरच्या बसची पायरी चढली. कंडक्टर म्हणाला, "चाची, घाई करा." ती म्हणाली, "तूच खांदा दे मंग, भाऊ."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, "काम काय करता?"

"मसाल्याच्या कारखान्यात," मी म्हणाले. बाहेर बोलायचं नाही असं सांगितलेलं. नोकरी जाईल, पोलीस येतील, असं काही काही माझ्या डोक्यात होतं.

"कोणता मसाला?"

मी तळवे पदराखाली सरकवले.

चाची बाकावरून म्हणाली, "झूठ नोको बोलू बेटा. डॉक्टरनी हाय, ठानेदार नाई. बारूद भरते साहेब ही. हातानं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग एकामागून एक प्रश्न विचारले. हातमोजे मिळतात का, आंघोळ कुठे करता, कपडे कुठे धुता, लाईनीत आणखी कोणाला आहे. मी उत्तरं देत होते, चाची भर घालत होती. शेजारच्या खोलीतलीचं, कोपऱ्यातलीचं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला समजेल असं सांगितलं. ती पावडर नुसती श्वासातून जात नाही, कातडीतून पण जाते. रक्त पातळ करते, यकृताला मारते. बाळ आईच्या रक्तावर जगतं, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचते. "कामावर पुन्हा पाय टाकायचा नाही. उद्यापासून नाही, आत्तापासून. बाळ राहील का, हे मी आज सांगू शकत नाही. पण तिथं गेलात तर राहणार नाही, हे आज सांगते."

मला भरती केलं. रक्त चढवलं, ते चाचीच्या गल्लीतल्या दोघांनी येऊन दिलं. एक सायकल दुरुस्त करणारा आणि एक शिंपी. मी त्यांना नंतर भाऊ म्हणत आले.

नवरा आला तेव्हा पार भेदरलेला होता. त्याचं म्हणणं, खोलीचं काय, मी ट्रिपवर असताना हिच्याजवळ कोण? खोली शेडला लागून, शेजारणींच्या अंगावर, कपड्यांवर तीच पावडर. चाची म्हणाली, "दुकानामागची खोली रिकामी हाय माही. बोकड बांधत होतो, आता बोकडबी नाई." ती हसली, मग नवराही हसला, आणि ते तसंच ठरलं.

दोन आठवडे झाले नसतील, सुपरवायझर दुकानावर आला. मी मागच्या खोलीत पडून ऐकत होते. मधे नुसता पडदा.

"चाची, बाईले पाठवा. सध्या हात कमी पडून राह्यले. थोडे दिवस, मंग आराम करन. बसून करायचं काम देतो."

"साहेब, तुमच्या पोरीच्या ओटीभरनाले हिरव्या बांगड्या कोनाकडून नेल्या होत्या?"

"तुमच्याकडूनच."

"नात कशी हाय?"

"मस्त हाय." मग म्हणाला, "माह्या हातात काय हाय चाची? वरून ऑर्डर येते."

"तेच तर. तुमच्या हातात काहीच नाई. पाह्यले मी, साफ हायेत. यांचे पाह्यले का?"

चपलांचा आवाज आला, गेला. नंतर मावशीनं सांगितलं की सुपरवायझरनं मोरीला दुसरा नळ बसवून घेतला आणि पाळीच्या मधे वेळ सोडायला लावला. त्यानं तो चाचीमुळे बसवला का डॉक्टरबाईंनी कुठं कळवलं म्हणून, मला माहीत नाही. मी त्याला वाईट म्हणत नाही. त्यालाही घर होतं.

मागच्या खोलीत मी पाऊस आणि थंडीही काढली. चाची सकाळी दुकान उघडायच्या आधी मला ताट वाढायची, दुपारी आत येऊन परत वाढायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "तुले कोन वाढून राह्यलं? मी तर आतल्याले वाढतो." खीर, पालक, कलेजी, डॉक्टरबाईंनी सांगितलं ते सगळं. आईला मी फोनवर खरं सांगितलं. ती आधी म्हणाली, "त्याहिच्या घरचं खातेस?" मग म्हणाली, "भाजी कशाची होती?" मी सांगितलं पालकाची. "तिखट करते का कमी?" "कमी करते माह्यासाठी." "मंग ठीक हाय."

सातव्या महिन्यात चाचीनं तो वेगळा ठेवलेला हिरवा जुडगा काढला. हात दाबून पाहिला. हातातली दोन-सहाची आता घट्ट बसत होती. हात सुजले होते, बायांचे सुजतात तसे. त्या मोठ्या मापाची बांगडीही चढवताना मला दुखलं म्हणून मी ओरडले तेव्हा ती खूश झाली. "दुखू दे, दुखू दे."

मुलगा वेळेआधी झाला. लहान, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मावेल एवढा. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले आणि मी किंचाळले. नर्स धावत आली. पाहून हसली, "बाई, सगळेच थोडे पिवळे असतात. निळ्या लाईटखाली ठेवू, उतरेल." मला विश्वास बसेना. मी चाचीला पाठवलं, परत विचारून ये. चाची गुडघे ओढत गेली, परत येऊन म्हणाली, "हेच म्हनते." मी म्हटलं, डॉक्टरबाईंना विचार. ती तिकडेही गेली. डॉक्टरबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "ही त्या पावडरची नाही. ही बाळांची असते. आता घाबरणं थांबवा." मी थांबवलं नाही. पण तो पिवळेपणा उतरला. चुन्याशिवाय उतरला. चाचीनं त्याच्या मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधल्या आणि म्हणाली, "माह्या पेटीतलं सगळ्यात लहान माप."

पुढं लढाईचं काय झालं, मला नीट माहीत नाही. ठेकेदाराची ऑर्डर संपली की दुसरीकडे गेली, एक दिवस शेडला कुलूप लागलं. मावशीनं फोन केला. "म्हनलं होतं ना मी, वाढलं म्हन्जे बंद!" ती मूलला परत गेली, धानाच्या रोवणीला जाते, अजून खोकते. तळवे अजून पुरते साफ झाले नाहीत म्हणते. कोपऱ्यातल्या खोलीतलीला मुलगी झाली. शेजारचीला काही नाही. चाची सांगते की हिरव्या बांगड्या यंदा चालल्या, नवा माल भरावा लागला.

नवऱ्याला इकडे हैदराबादच्या बाहेर गोडाऊनच्या गाडीवर काम मिळालं, म्हणून आम्ही इथं. अहेरीकडे तेलुगू कानावर पडायची, त्यामुळे मला थोडी येते. इथं मी कुठल्याही कामाला गेले की आधी विचारते, त्यात काय असतं, धुवायला पाणी कुठं. बाया हसतात. हातांचा सारखा वास घेऊन पाहते, त्यालाही हसतात. हसू देत.

चाचीला आता नीट दिसत नाही. माप हातानंच ओळखते, पण रंग विचारावा लागतो. फोन केला की पहिला प्रश्न मुलाचा, दुसरा झिंग्यांचा. परवा आईला मी हे सांगितलं. आई म्हणाली, "घेऊन ये तिले. पाटावर नाई बसता येत तर मास्तरच्या घरून खुर्ची मांगून आनू."

तर चाची, हे कोणीतरी तुला वाचून दाखवेल तेव्हा ऐक. पावसाळा संपून नदीचं पाणी निवळलं की मी भद्रावतीला येईन. यंदा नाही जमलं तर पुढच्या खेपेला, पण येईन. तुझं दुकान माझ्या हातानं वाढवीन. गोंडपिपरीपर्यंत खिडकीची जागा धरीन, पाय पसरता येतील अशी. माझ्या आईच्या घरी तुला खुर्चीवर बसवीन, समोर अंबाडी-झिंग्यांचं ताट ठेवीन, आणि तू पुरे पुरे म्हणत हात आडवा धरशील, तरी मी वाढीन.